चाकांवरचं स्वयंपाकघर

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण स्वयंपाकघरात तुला काय काय लागतं, असं सूर्याजीरावांनी विजयाबाईंना कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी जेवता जेवता त्यांनी ते विचारलं, आणि पोळी लाटत बसलेल्या विजयाबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

विचारण्यामागचं कारण त्यांनी लगेच सांगितलंही. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतच, घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यांचा जुना सोबती दौलतसिंह बसच्या बॉड्या बांधायचा. त्याच्याकडे आग्र्याच्या कुणा शिकारी ठेकेदाराचं काम आलं होतं. लढाईनंतर लिलावात निघालेला जीपमागे जोडायचा ट्रेलर घ्यायचा, त्यावर लाकडी खोली उभी करायची, आत झोपायची सोय, आणि मागच्या बाजूला छोटंसं स्वयंपाकघर. जंगलात मुक्काम पडला की तिथेच रांधायचं. ठेकेदाराच्या बाईसाहेबही बरोबर असणार. आता बायकांना काय हवं असतं ते दौलतसिंहाला काय कळणार, म्हणून तू सांग, असं सूर्याजीरावांचं म्हणणं.

विजयाबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि सुचलं तसं सांगून टाकलं. दुधा-दह्याला जाळीचं कपाट पाहिजे, मांजराचं आणि माशांचं भय नको. सूर्याजीरावांनी मान डोलावली, हात धुतले आणि पायांत चपला सरकवून लगबगीने बाहेर पडले. ती लगबग विजयाबाईंना खटकली. दुसऱ्याच्या गाडीतल्या कपाटासाठी माणूस असा धावतो का?

सूर्याजीराव मूळचे ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतले. मोटारगाड्यांचं खातं त्यांच्याकडे होतं. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पुढे फौजही हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळायची ठरली, तेव्हा आपली निवड होणारच अशा खात्रीने त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. निवड झाली नाही. काही महिने घरी बसल्यावर सरकारी बांधकाम खात्यात रोड रोलर आणि ट्रकांची देखरेख करायची नोकरी मिळाली. तेव्हापासून ते कमी बोलायचे. खात्यातलं काही घरी सांगायचे नाहीत.

त्यात मध्यभारताच्या राजधान्या दोन. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. कचेऱ्या निघाल्या की सूर्याजीरावही ट्रंक घेऊन निघायचे आणि पाऊस पडल्यावर परतायचे. विजयाबाई इथेच राहायच्या. मुलगी देवासला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. नवरा परतला की त्याची तब्येत सुधारलेली दिसायची, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एका वर्षी पोह्यांवर जिरावण नाही म्हणून तो हिरमुसला. जिरावण म्हणजे काय ते विजयाबाईंना तेव्हा ठाऊकही नव्हतं. इंदूरकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, असं शेजारच्या अनसूयेने सांगितलं. तो मसाला कुणाच्या हातचा, हे मात्र अनसूया सांगू शकली नाही, आणि विजयाबाईंनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच तो विचार मनात घर करून बसला.

आता १९५६ सालचा पाऊस ओसरला होता आणि गावात एकच बोलणं होतं. मध्यभारत मोडणार, नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. कुणाची बदली होईल, कुणाला घरी बसवतील, रोज नवी अफवा. सूर्याजीरावांना विचारलं तर ते म्हणायचे, अजून काही नक्की नाही.

पुढच्या आठवड्यात प्रश्न वाढले. स्टोव्ह बरा की कोळशाची शेगडी? पाण्याची टाकी आत की बाहेर? प्रत्येक वेळी ते ठेकेदाराच्या बाईसाहेबांचं नाव घ्यायचे आणि नजर मात्र भिंतीवर. संध्याकाळी घरी आले की शर्टाच्या बाह्यांना लाकडाचा भुसा असायचा. काम दौलतसिंहाचं, गिऱ्हाईक आग्र्याचं, आणि रंधा मारायला हे! विजयाबाई भुसा झटकून शर्ट धुवायला टाकायच्या. 

एक दिवस दळण टाकून परतताना अनसूया दारात थांबली. "विजयाबाई, तुमचे साहेब काल नई सडकवर दिसले मला. आरसा घेत होते, हा एवढा. अन् खिडकीचा कपडा पण. हिरवा, फुलांवाला. मी म्हटलं, घरात काही कार्य आहे का?"

विजयाबाईंनी हसून वेळ मारून नेली. आत येऊन ट्रंक पाहिली, कपाट पाहिलं, माळ्यावर हात फिरवला. आरसा नव्हता. कापडही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा कचेरीत गेल्यावर त्या दौलतसिंहाच्या कारखान्यात गेल्या. त्याच्या बायकोला हरभऱ्याची डाळ द्यायची, एवढं निमित्त. कारखाना घराला लागूनच होता. आवारात ती गाडी उभी होती, दोन चाकांवरची खोली, पत्रा अजून रंगवायचा. दौलतसिंह त्यांना बघून गडबडला, चहा घ्या म्हणाला, आत बायकोकडे चला म्हणाला. गाडीकडे त्यांची पाठ व्हावी म्हणून तो उगीच आडवा उभा राहिला, असं विजयाबाईंना वाटलं. तरी त्यांनी पाहायचं ते पाहून घेतलं. दोघांना पुरेल असा बिछान्याचा पलंग. खिडकीला हिरवा फुलांचा पडदा. भिंतीला आरसा. आणि मागचं फळकूट वर उचलून टेकू दिला की उघडणारं स्वयंपाकघर, त्यात उभं राहण्यापुरती जागा आणि उंच ओटा.

उंच ओटा. त्यावर उभ्याने रांधायचं. विजयाबाईंचं सगळं आयुष्य चुलीपुढे पाटावर बसून गेलं होतं, त्यांच्या ओळखीत उभ्याने स्वयंपाक करणारी एकही बाई नव्हती. इंदूरच्या नव्या बंगल्यांतून मात्र तसे ओटे असतात, असं कानावर आलं होतं. म्हणजे ती तिकडचीच, दवाखान्यात किंवा शाळेत नोकरी करणारी कुणी असेल. नीटनेटकी, उंच, आरशात बघून पदर सारखा करणारी. घरी पोहोचेपर्यंत त्या बाईला विजयाबाईंच्या मनात चेहराही फुटला होता.

त्यांनी भांडण केलं नाही. भांडण करायला हातात काय होतं? एक आरसा आणि एक पडदा. नवरा म्हणाला असता, ठेकेदाराच्या बाईसाहेबांचे. पण रात्रीच्या जेवणाला सूर्याजीरावांनी पुन्हा विषय काढला, स्टोव्ह नेमका कुठे ठेवावा, तेव्हा विजयाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "खिडकीला लागून ठेवा. समोरून मोकळी हवा येईल, घासलेटचा वास कोंडणार नाही."

वाऱ्याच्या झोतात स्टोव्ह टिकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्या थांबल्याच नाहीत. फळ्यांना पुढून पट्टी लावू का, असं सूर्याजीरावांनी विचारलं. विजयाबाई म्हणाल्या, छे, पट्टीत पीठ अडकतं, झुरळं होतात, फळी सपाट ठेवा. पाण्याची तोटी कुठे? कणकेच्या डब्याच्या वर, कणीक मळताना पाणी हाताशी असावं. सांडपाण्याला मोरी? कशाला, पाणी बाहेर फेकता येतं. सूर्याजीराव मन लावून ऐकायचे, मध्ये मध्ये बोटाने ताटाशेजारी जमिनीवर रेघा काढायचे. त्यांचा तो आज्ञाधारक चेहरा बघून विजयाबाईंना आणखीच राग यायचा. दुसरीच्या संसारासाठी माझ्याकडून शिकवणी घेतोय हा माणूस, असं त्यांना वाटायचं. आणि रांध म्हणावं तिला त्यात, असंही वाटायचं. त्या दिवसांत त्यांना झोपही बरी लागत होती.

दिवाळी झाली. नवं राज्य झालं. भाऊबीजेनंतर एका सकाळी सूर्याजीराव कचेरीतून लवकर परतले आणि चपला न काढताच ओसरीवर बसले.

"बदलीचा हुकूम आला," ते म्हणाले. "भोपाळ. पण बसायचं काम नाही. रस्त्यांवर जायचं, कॅम्प घेऊन. आणि हे घर संस्थानी फौजेचं, ते सोडावं लागेल."

विजयाबाई दाराला टेकल्या. म्हणजे आता सांगणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तू देवासला मुलीकडे जा म्हणणार.

"भोपाळात घरं नाहीत," सूर्याजीराव पुढे म्हणाले. "लोक धर्मशाळेत राहतात म्हणे, बायकामुलं मागे ठेवून. इतके उन्हाळे तू इथे एकटी काढलेस. आता नाही. चल, गाडी दाखवतो."

"ठेकेदाराची?"

"ठेकेदार नाही कुणी. आपलीच आहे." ते जरा ओशाळले. "आधी सांगितलं नाही, कारण रस्त्यांच्या कॅम्पच्या यादीत आपलं नाव येईल याचा भरवसा नव्हता. मागे पेढे वाटून बसलो होतो ना."

कारखान्यापर्यंतच्या दोन गल्ल्या विजयाबाईंना कधी संपल्या ते कळलं नाही. दौलतसिंहाने गाडीला फिकट पिवळा रंग दिला होता. मागचं फळकूट वर उचललं होतं. सूर्याजीरावांनी त्यांना ओट्यापाशी उभं केलं. ओटा बरोबर त्यांच्या कंबरेला लागला. ना वाकायला लागत होतं, ना हात वर करायला.

"तुझे गुडघे दुखतात," सूर्याजीराव म्हणाले. "पाटावरून उठताना भिंत धरतेस. म्हणून उंच केला. हे एवढं तुला न विचारता केलं."

दौलतसिंह शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होता. त्याला राहवलं नाही. "वहिनी, बाकी सगळं तुमच्याच मर्जीचं. मी तर फळ्यांवरून यांच्याशी भांडलो. म्हटलं, भाई, चलती गाड़ी है, डब्बे गिरेंगे. स्टोव्हचं पण बोललो. ऐकतात कुठे. म्हणाले, रसोईचं विजयाला कळतं, तू आपलं ठोकाठोकीचं बघ."

विजयाबाईंनी सपाट फळ्यांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कणकेच्या डब्यावर आलेल्या पितळी तोटीकडे पाहिलं.  चांगली झाली आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

निघायला फार दिवस नव्हते. तेवढ्यात त्यांनी धडपड केली. फळ्यांना पट्टी मारून घेऊ या का, असं सहज बोलल्यासारखं विचारलं. सूर्याजीरावांनी त्यांच्याकडे चकित होऊन पाहिलं. झुरळं होतात ना? विजयाबाईंनी विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. तो हिरवा पडदा, ती इंदूरची बाई, ती तर आता त्यांची त्यांनाच हास्यास्पद वाटत होती. मग त्यांनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि डबे एकमेकांना बांधून फळ्यांवर बसवले. कणकेच्या डब्यावर ताट झाकलं, वर फडकं घातलं. मूर्खपणा लपवण्यात त्यांचे दोन दिवस गेले. आणि इतकं होऊनही एक काटा आत राहिलाच. ती बाई नसेल, पण मग इंदूरला खायला कोण घालत होतं?

खात्याची जीप पुढे आणि पिवळी गाडी मागे, असे ते सकाळी छावणीतून निघाले. अनसूया दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. जीप सूर्याजीराव स्वतः चालवत होते, आणि संस्थानची फौज सुटल्यापासून विजयाबाईंनी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मोहन्यापर्यंत ठीक चाललं. सतनवाड्याच्या उतारावर मागून पहिला आवाज आला. मग एकामागून एक.

गाडी बाजूला घेऊन त्यांनी फळकूट उचललं. लुगड्याच्या पट्ट्यांनी इमान राखलं होतं, म्हणजे डबे एकेकटे न पडता सगळे मिळून पडले होते. हळद पलंगापर्यंत उडाली होती. झाकलेलं ताट घसरलं होतं आणि तोटी हिसक्याने ढिली होऊन कणकेच्या डब्यात थेंब थेंब गळत होती. सूर्याजीराव खाली वाकून मसूर वेचायला लागले. रस्ता खराब आहे, एवढंच म्हणाले.

शिवपुरीच्या पुढे ऊन कलल्यावर त्यांनी एका विहिरीजवळ मुक्काम केला. रस्त्याच्या कामावरची दोन माणसं आधीच तिथे तंबू ठोकून होती. विजयाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या, स्टोव्हला पंप मारला, काडी ओढली. ज्योत निळी झाली आणि खिडकीतून आलेल्या वाऱ्याने विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. खिडकी लावली तर मागून वारा. फळकूट पाडलं तर आत अंधार आणि घासलेटचा भपकारा. सूर्याजीराव विहिरीवरून पाणी घेऊन आले आणि बादली ठेवून बघत राहिले.

"स्टोव्ह इथे ठेवायला तूच सांगितलंस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

"हो."

"वारा लागेल हे तुझ्या लक्षात आलं नाही?"

विजयाबाईंनी काडेपेटी खाली ठेवली. "लक्षात आलं होतं. म्हणूनच सांगितलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आरसा, पडदा, उंच ओटा, अनसूया, जिरावण. सांगताना त्या नवऱ्याकडे न बघता विझलेल्या स्टोव्हकडे बघत होत्या. फळ्यांचं सांगितलं, तोटीचं सांगितलं, मोरीचंही सांगितलं. संपल्यावर सूर्याजीरावांनी एकेका फळीकडे, तोटीकडे पाहिलं. मग त्यांनी जाळीच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"हे?"

"ते खरं सांगितलं होतं. तेव्हा संशय आला नव्हता."

त्यांनी कपाटाचं दार तरीही उघडून, हलवून पाहिलं.

"आणि इंदूरला?" विजयाबाईंनी विचारलं. आता एवढं झालंच होतं. "इंदूरला तुम्हाला रांधून कोण घालायचं?"

सूर्याजीरावांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. म्हणजे कुणीतरी होतंच. त्यांनी मागे वळून तंबूकडे पाहिलं, ती दोन माणसं लाकडं फोडत होती. मग त्यांनी पुढे होऊन फळकूट अर्ध्यावर पाडलं, बाह्या वर सारल्या, भिजलेल्या कणकेच्या डब्यातली तळाची कोरडी कणीक परातीत काढली आणि मळायला सुरुवात केली. विजयाबाई बघत राहिल्या. मळून झाल्यावर त्यांनी कणकेला तेलाचा हात लावला, थोडा वेळ झाकून ठेवली, आणि सारख्या आकाराचे गोळे करून पोळपाटावर पहिली पोळी लाटली. ती गोल झाली. दुसरी त्याहून गोल झाली. लाटण्याखाली पोळी आपोआप फिरत होती. ही काही एका दिवसाची विद्या नव्हती.

"कचेरीतले चौघं एका खोलीत राहायचो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सगळे उभ्याने करायचे, टेबलावर स्टोव्ह ठेवून. पोळ्या माझ्याकडे होत्या. जिरावण कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याचं."

"आणि मला कधी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? फौजेतला माणूस, पोळ्या लाटतो म्हणून?"

विजयाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरताच दुसराच हिशेब त्यांच्या ध्यानात आला. एवढी वर्षं. प्रत्येक पावसाळ्यात हा माणूस इंदूरहून परत यायचा आणि पाटावर बसून वाट बघायचा. त्या भिंत धरून उठायच्या, भिंत धरून बसायच्या, आणि हा सगळं पाहायचा, ओट्याची उंची मनात मोजण्याइतकं नीट पाहायचा. तरी लाटणं कधी उचललं नाही.

"घरी एकदा तरी लाटायची होती," त्या म्हणाल्या.

सूर्याजीरावांचं लाटणं थांबलं. "लाज वाटली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चुकलंच माझं."

त्या संध्याकाळी जेवण तंबूवाल्यांच्या चुलीवर झालं. तवा विजयाबाईंनी सांभाळला. पोळ्या कुणी लाटल्या हे तंबूवाल्यांना सांगायचं नाही, असं सूर्याजीरावांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तंबूवाल्यांनी वहिनींच्या हाताची तारीफ केली, आणि सूर्याजीराव खाली मान घालून डाळ भुरकत राहिले.

पुढे गुना शहरात पोहोचल्यावर त्यांनी सुतार गाठला. स्टोव्ह आडोशाच्या बाजूला हलवला, फळ्यांना पट्ट्या मारल्या, तोटी बाहेरच्या अंगाला नेली, मोरीला भोक पाडून नळी लावली. विजयाबाई समोर उभ्या राहून सांगत होत्या आणि सुताराने प्रत्येक खिळा ठोकण्याआधी सूर्याजीराव त्यांच्याकडे बघायचे. "हे नक्की ना?" नक्की, असं त्या म्हणायच्या. "शपथेवर?" सुताराला वाटलं, बाई फार चंचल दिसतात. पुढे कितीतरी महिने ही सवय गेली नाही. मीठ पुरेसं आहे असं विजयाबाईंनी सांगितलं तरी सूर्याजीराव आधी चव घेऊन बघायचे. आणि कचेरीच्या कामाने कुठे दोन दिवस जाऊन आले की विजयाबाई त्यांच्या बाह्या हुंगायच्या. दोघंही एकमेकांना हे करताना पकडायचे.

बियावऱ्याजवळच्या कॅम्पात त्यांचा मुक्काम लांबला. तिथे संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं गाडीच्या मागूनच जायची, म्हणून सूर्याजीराव आत पोळ्या लाटायचे ते फळकूट पाडून, कंदिलाच्या उजेडात, घामाघूम होऊन. एका संध्याकाळी विजयाबाई बाहेर खुर्ची टाकून भाजी निवडत बसल्या होत्या. आतून खोकल्याचा आवाज आला. त्या उठल्या, फळकूट पूर्ण वर उचलून त्यांनी टेकू दिला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"अगं, लोक बघतील," सूर्याजीराव दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू देत."

रस्त्यावरून फावडी खांद्यावर टाकून गँगची माणसं येत होती. त्यातल्या मुकादमाने थांबून नमस्कार केला. सूर्याजीरावांचे हात पिठाचे होते. त्यांनी मानेनेच नमस्कार घेतला, क्षणभर घुटमळले, आणि पोळपाटावरची पोळी पूर्ण लाटून घेतली.